अंधाराला सरावणारे डोळे

गेल्या हिवाळ्यात माझे एक जुने रुग्ण मुलासह दवाखान्यात आले. वय त्र्याहत्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणते. बसण्याआधीच मुलगा म्हणाला, “डॉक्टर, आता तुम्हीच बाबांना समजवा. अमावास्येच्या रात्री मांडूला जाऊन त्यांना गोरखचिंचेचे फोटो काढायचे आहेत.” सर शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी परवानगी मागायला आलो नाही. काय काळजी घ्यायची, ते विचारायला आलो आहे.”

सरांच्या हातात बेथ मून या अमेरिकी छायाचित्रकर्तीच्या काही चित्रांच्या प्रती होत्या. या बाईंनी अनेक वर्षे जगभरातील प्राचीन वृक्षांची छायाचित्रे घेतली आणि पुढे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील गोरखचिंचा तारकांच्या प्रकाशात टिपल्या. त्यांचे ते पुस्तक 2016 साली प्रसिद्ध झाले. फुगीर बुंधा, वर मुळांसारख्या पसरलेल्या निष्पर्ण फांद्या आणि त्यांमागे आकाशगंगा. ही चित्रे पाहिल्यापासून सरांना झोप नव्हती. मांडूच्या गोरखचिंचा त्यांनी तरुणपणी दिवसा रेखाटल्या होत्या. रात्री कधीच पाहिल्या नव्हत्या.

माझ्या ओठांवर “कशाला हा उद्योग?” हेच शब्द आले होते. पण मला एक जुनी चूक आठवली. अंधारात ठेचकाळून पडलेल्या एका आजोबांना मी पूर्वी ठणकावून सांगितले होते, “यापुढे रात्री घराबाहेर पडायचे नाही.” त्यांनी ते तंतोतंत पाळले. सायंकाळचे भजन सुटले, पारावरची बैठक सुटली, चालणे कमी झाले, पायांतील बळ ओसरले. वर्षभराने ते पुन्हा पडले, ते घरातच, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी. माझ्या सल्ल्याने त्यांची एक वाट बंद केली. पडण्याचा धोका मात्र तसाच राहिला. म्हणून या वेळी मी कागद पुढे ओढला.

प्रथम डोळ्यांचा विचार करू. आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशी पुरेशा जाग्या होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. वाढत्या वयात त्याहूनही अधिक. शिवाय तरुणपणी अंधारात सुमारे 7 मिलिमीटर उघडणारी बाहुली उतारवयात जेमतेम 4-5 मिलिमीटर उघडते आणि नेत्रभिंगही पिवळसर होते. त्यामुळे आत पोहोचणारा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो प्रकाश साठवू शकतो. तिकाटण्यावर ठेवून 24 मिलिमीटरच्या भिंगाने वीस सेकंद पडदा उघडा ठेवला, तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटतात. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. थोडक्यात, पाहण्याचे काम कॅमेरा करील. सरांना सांभाळायचे होते ते पाऊल.

तपासणीत दोन गोष्टी आढळल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा त्यांना विस्कटलेला दिसे. दुसरे म्हणजे, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजला, तेव्हा उभे राहताच तो बराच खाली येत होता. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा मी बदलली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून पाहिले. वाचकांनी असा बदल स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

मग आम्ही तिघांनी मिळून यादी केली. गाडी मुलाने चालवायची. जागा उजेडातच पाहून ठेवायची. दगड, खड्डे, मुळे कुठे आहेत ते चालून पाहायचे. पायांत घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी, अंगात लोकर. घडीची खुर्ची न्यायची, म्हणजे वाकून, उकिडवे बसून मग झटकन उठण्याची वेळ येणार नाही. विजेरीवर लाल कागद लावायचा, कारण मंद लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. जेवण आणि औषधे वेळेवर. पौष महिन्यात गोरखचिंच निष्पर्ण असते आणि रात्री आठलाच मृग नक्षत्र पूर्वेकडे चांगले वर आलेले असते. त्यामुळे जागरणाचीही गरज नव्हती.

ते दोघे गेले आणि सुखरूप परतले. मुलाने नंतर सांगितले, “पहिली पाच मिनिटे मला काहीच दिसेना. मी मोबाइलची बॅटरी लावली, तर बाबा म्हणाले, ती बंद कर आणि बस.” अर्ध्या तासाने त्याला झाडाची फांदी न फांदी दिसू लागली. फिकट तारा थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवून पाहावा, हे सरांनीच त्याला शिकवले. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, हे त्याचे कारण. सर पुस्तकातून नव्हे, रेखाटनातून हे शिकले होते. “इतका वेळ आम्ही दोघे शेजारी बसलो, त्याला किती वर्षे झाली असतील,” एवढे बोलून मुलगा थांबला.

बोट्सवानातील ‘चॅपमन’ नावाची प्रसिद्ध गोरखचिंच जानेवारी 2016 मध्ये कोसळली. आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ वृक्ष 2005 नंतर अंशतः किंवा पूर्णतः मृत झाल्याचे 2018 च्या एका अभ्यासात नोंदले गेले. शतकानुशतके उभे असलेले झाडही ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणण्याइतकी हमी देत नाही. आपण तर माणसे.

प्रत्येकाने मांडूला जावे असे नाही. गच्चीवरून दिसणारा पिंपळही पुरेसा आहे. मात्र सरांच्या यादीतील काही गोष्टी घरोघरी लागू पडतात. रात्री लघवीला उठताना एक-दोन मिनिटे पलंगाच्या काठावर बसावे. झगझगीत ट्यूबलाइटऐवजी वाटेवर जमिनीलगत मंद दिवा असावा. अंधारात पूर्वीपेक्षा कमी दिसू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असल्यास वर्षातून एकदा नक्कीच. अचानक डोळ्यांसमोर विजा चमकल्या किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

आणि ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्यांना एक विनंती. ‘नको’ म्हणण्यापूर्वी ‘कसे जमेल?’ हा प्रश्न एकदा विचारून पाहा. सरांनी दिलेले छायाचित्र माझ्या टेबलावर आहे. एक तारा किंचित हललेला आहे. झाड मात्र स्थिर आहे आणि त्याच्या बुंध्याशी खुर्चीत बसलेली सरांची आकृतीही. खटका या वेळी मुलाने दाबला होता.