आधी आईला इंजेक्शन, मग बाळाला पेटी

सारसोळे गावठाणातून नेरुळचं महापालिका रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर, वाशीचं त्याहून थोडं लांब. तरीही सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘काचेची पेटी कुठे मिळेल?’ प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न राहून जातो: आईला बाळाच्या फुफ्फुसांचं इंजेक्शन दिलं का?

फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंटचा लेप लागतो. कमी दिवसांच्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. श्वास सोडला की पिशव्या मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास पहिल्याइतक्याच कष्टाने घ्यावा लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा सत्ता आणि पैसा असूनही उपाय नव्हता. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलं की, प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. आज त्यासाठी वापरलं जाणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडचं इंजेक्शन अगदी स्वस्त आहे.

मग ते सरसकट का देऊ नये? याचं उत्तर आपल्याच भागातून मिळालं आहे. सहा देशांत झालेल्या आणि भारतातून नागपूर व बेळगाव सामील असलेल्या एका मोठ्या अभ्यासात हे इंजेक्शन गावपातळीपर्यंत नेलं गेलं. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि सगळेच हादरले. अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळं तितकी लहान नव्हतीच. दिवसांचा हिशेब कच्चा होता आणि जन्मानंतरची देखभालही अनेक ठिकाणी तोकडी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली ती रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस नक्की करून. भारतातून बेळगाव तिच्यातही होतं. २०२० मध्ये निकाल आला: औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळं दगावली, मिळालेल्या गटात १९.६ टक्के. या दोन अभ्यासांचा अर्थ स्पष्ट आहे. औषध तेच, पण दिवस नीट मोजलेले हवेत आणि पुढे बाळाला सांभाळणारा कक्ष हवा.

त्या कक्षात सर्वांत आधी महागडा व्हेंटिलेटरच हवा, असं नाही. नाकातून हलक्या दाबाने हवा देणारं बबल सीपॅप बऱ्याच बाळांना पुरतं. नळीचं टोक पाण्यात जितकं खोल, तितका दाब, इतकी साधी त्याची रचना. पण नाकाला लावलेली नळी सरकली का, नाक सोलवटलं का, ऑक्सिजन जास्त तर जात नाही ना, हे परिचारिकेलाच सतत पाहावं लागतं. जादा ऑक्सिजनने कोवळ्या डोळ्यांचा पडदा बिघडून अंधत्व येऊ शकतं. म्हणून यंत्राच्या खरेदीइतकाच, किंबहुना जास्त, पैसा रात्रपाळीच्या प्रशिक्षित परिचारिकांवर खर्च व्हायला हवा. उद्घाटनाची फीत यंत्राला बांधता येते, परिचारिकेच्या रिकाम्या पदाला नाही, म्हणून हा खर्च मागे पडतो.

नवी मुंबईसारख्या शहरात सोनोग्राफी आणि रुग्णालय दोन्ही हाताशी आहेत, त्यामुळे इथे सबब चालणार नाही. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झालेल्या किती मातांना इंजेक्शन मिळालं आणि किती जणींना ते न देताच दुसरीकडे पाठवलं, हे महापालिकेने दरवर्षी रुग्णालयवार जाहीर करावं.

घरच्यांनीही एक करावं. पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा अहवाल जपून ठेवावा. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी निघते तेव्हा साड्यांबरोबर ही फाइलही पिशवीत घालावी, आणि अवेळी कळा आल्या तर दारातच डॉक्टरांना विचारावं, ‘फुफ्फुसांचं इंजेक्शन द्यायचं का?’