रुद्धपथ कामला आणि आमची मर्यादा

पित्ताशय काढल्यावरही पित्तनलिकेत खडा राहू शकतो. असा रुग्ण पीत नेत्र, कंडू व तिलपिष्टासमान मल घेऊन येतो. चरकोक्त रुद्धपथ कामला मानून आम्हीही पूर्वी आरोग्यवर्धिनी देत थांबलो आहोत. परंतु येथे मार्ग अश्मरीने रोधलेला असतो. सोबत शूल व थंडीज्वर असल्यास विलंब प्राणघातक ठरतो.

१९७४ साली जर्मनी व जपानमधून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत दुर्बीण मुखावाटे ग्रहणीपर्यंत नेऊन, नलिकेचे मुख छेदून खडा काढतात. पोट उघडावे लागत नाही. स्वादुपिंडशोथाचा धोका मात्र रुग्णास सांगावा.

गुल्मचिकित्सेत चरकाचार्यांनीच शल्यकर्म धान्वंतर संप्रदायाकडे सोपविले. मग आम्हांस संकोच कसला? औषधविक्रेत्या बंधूंनीही अशा रुग्णास काढा न देता त्वरित तपासणीस पाठवावे. मार्ग मोकळा झाल्यावर अग्निरक्षणाचे कार्य आमचेच आहे.