कोळ्याचं पिल्लू आणि शिवशिवणारे हात

"घरातले कोळी आम्ही केरसुणीने काढतो आणि तू पैसे देऊन विकत आणलास?" हा आईचा पहिला प्रश्न. दुसरा, "चावतोबिवतो का?" आणि तिसरा, जो ती माणूस, मांजर, पाहुणा अशा सगळ्यांबद्दल विचारते, "तो खातो काय?"

तिन्ही प्रश्न रास्तच होते. पण मला खरा विचारायला हवा होता तो प्रश्न कुणीच विचारला नाही. तो म्हणजे, "तुला स्वस्थ बसता येतं का?"

झालं असं की गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मित्राबरोबर शिकागोजवळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला गेलो होतो. मित्राला कासव बघायचं होतं. तो काहीच न घेता परत आला आणि मी येताना खिशात टॅरंटुलाचं पिल्लू घेऊन आलो! शरीर हरभऱ्याच्या डाळीएवढं, पाय पसरले की जेमतेम दीड सेंटीमीटर. इथले पाळणारे लोक अशा पिल्लांना 'स्लिंग' म्हणतात, स्पायडरलिंगचं लघुरूप. जात होती ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, म्हणजे बोलीभाषेत 'कर्ली हेअर'. मूळ गाव मध्य अमेरिका, निकाराग्वा-कोस्टारिकाकडचं. मोठा झाला की तळहाताएवढा होतो आणि अंगभर कुरळे केस असतात. विकणारा म्हणाला, "नवशिक्यांसाठी हाच. दगड आहे दगड. ह्याला मारायचं म्हटलं तरी मरणार नाही."

मी अकरा आठवड्यांत मारून दाखवला.

कसा, ते सविस्तर सांगतो, कारण नवीन पाळणारे बहुतेक जण अशाच काहीतरी मार्गाने जातात असं आता माझं मत झालंय. पहिल्याच आठवड्यात मी डबीखाली ठेवायचा हीटर मॅट आणला. आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. पाण्याच्या वाटीत ठेवायचा स्पंज आणला (का? तर पाकिटावर कोळ्याचं चित्र होतं म्हणून). रोज सकाळ-संध्याकाळ फवारणी. दर दोन तासांनी झाकण उघडून "काय करतंय बघू". एका स्प्रेडशीटमध्ये तापमान, आर्द्रता, खाल्लं का, कुठे बसलंय. मी बीई मेकॅनिकल, कॅम्पसमधून आयटीत पडलेला. आकडे दिसले की ते सुधारावेसे वाटणं हा आमच्या जातीचाच रोग आहे.

दहाव्या आठवड्यात त्याने खाणं बंद केलं. पोट गोल, गडद आणि चकचकीत झालं होतं. हे सगळं कुठल्याही जाणकाराला बघताक्षणी कळलं असतं की हा आता कात टाकणार. मला वाटलं आजारी आहे. नाही तर माझं देणं आवडत नसेल. म्हणून एका रात्री एक जिवंत रातकिडा आत सोडला आणि झोपलो. सकाळी बघतो तर पिल्लू उताणं, अर्धं जुन्या कातीतून बाहेर आलेलं आणि रातकिड्याने ते कुरतडलेलं. कात टाकताना आणि त्यानंतर काही दिवस टॅरंटुला मेणासारखा मऊ असतो. त्याचे विषदंतसुद्धा पांढरे आणि मऊ असतात. ज्याला तो एरवी एका झडपेत संपवतो, तोच किडा तेव्हा त्याला खाऊन टाकतो. डेटाबेसचं मायग्रेशन चालू असताना मधेच हात घालू नये, हे मी हापिसात ज्युनियर पोरांना ओरडून सांगतो. असो.

दुसरं पिल्लू घ्यायला मी तीन महिने थांबलो. त्या काळात कळलं की मी आणलेल्या बहुतेक वस्तू नुसत्या निरुपयोगी नव्हत्या, घातक होत्या. हीटर मॅटचंच बघा. जमिनीत जितकं खोल जावं तितकं गार लागतं, म्हणून उकडलं की हा प्राणी खाली खणतो. आपण डबीच्या खालून तापवलं तर बिचारा गारव्यासाठी खाली जातो आणि आणखी भाजतो. ज्याने हे पहिल्यांदा विकायला काढलं त्याने टॅरंटुला कसा जगतो ह्याचा पाच मिनिटंही विचार केला नसावा. आपल्याला ज्या खोलीत अंगात शर्ट घालून बरं वाटतं, त्या खोलीत ह्यालाही बरं असतं. बावीस-चोवीस अंश, झालं. आर्द्रतेच्या यंत्राचा आकडा बघून रोज फवारत बसलं की डबी कोंदट होते, बुरशी येते, बारीक किडे होतात. स्पंज म्हणजे तर जंतूंची चाळ.

आता दुसऱ्या पिल्लाचं बिऱ्हाड म्हणजे चटणीच्या डबीएवढी प्लास्टिकची डबी. तापवलेल्या सुईने पाडलेली भोकं, ती पिल्लाच्या डोक्यापेक्षा बारीक, नाही तर पिल्लू पसार. आत तीन-चार बोटं कोकोपीट दाबून भरलेलं. (आमच्या रत्नागिरीच्या घरामागे नारळाच्या सोडणांचा ढीग पडलेला असतो, आणि इथे मी त्याच भुशाच्या विटेला डॉलर मोजतो. आईला हे अजून सांगितलेलं नाही.) झाडाच्या सालीचा एक तुकडा. एक कोपरा ड्रॉपरने ओला, बाकीचं कोरडं, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. आठवड्यातून एकदा डोकं ठेचलेल्या अळीचा तुकडा. एवढी लहान पिल्लं मेलेलं भक्ष्यही खातात, त्यामुळे जिवंत काही सोडायची गरजच नसते. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं. संपलं. स्प्रेडशीट नाही.

हे लिहिताना फार सोपं वाटतं, पण करायला जड जातं. ऑक्टोबरात त्याने बिळाचं तोंड आतून माती आणि जाळ्याने बंद केलं. एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात रूममेट म्हणाला, "मेला असेल रे. खणून बघ ना, कळेल तरी." हात इतके शिवशिवत होते म्हणून सांगू! चमचा हातात घेतलासुद्धा होता. मग तो परत खणात ठेवला आणि डबी पुस्तकांच्या मागे सरकवली. ३८व्या दिवशी सकाळी बिळाचं तोंड उघडं होतं, बाहेर चुरगळलेल्या मोज्यासारखी जुनी कात टाकलेली, आणि आत आधीपेक्षा ठळक मोठे असे पाय. तो आठ पायांचा माणूस ठणठणीत होता. ती कात मी काडेपेटीत तारीख लिहून ठेवली आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दुर्लक्ष करा असंच ना? तर नाही. इथेच घोळ होतो. हिवाळ्यात इथे घरातलं हीटिंग सुरू झालं की हवा पापडासारखी कोरडी होते. जानेवारीत हापिसच्या रिलीजच्या गडबडीत मी दहा दिवस डबीकडे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा कोकोपीट तळापर्यंत सुकलेलं आणि पिल्लू कोपऱ्यात, पाय पोटाखाली मुडपायला लागलेले.

इथे माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. कोळ्याच्या पायात आत ओढणारे स्नायू असतात, पण मुख्य दोन सांध्यांत पाय लांब करणारे स्नायूच नसतात. पाय पसरायचे ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. चक्क हायड्रॉलिक्स! जेसीबीच्या हातासारखं. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आपोआप आत गोळा होतात. म्हणून मेलेला कोळी नेहमी मुठीसारखा दिसतो. आणि म्हणूनच नवशिक्याचा अंदाज बरोबर उलटा चुकतो. टॅरंटुला उताणा पडलेला दिसला की लोकांना वाटतं मेला, आणि उचलून फेकतात, तो मात्र कात टाकत असतो. पायांवर सरळ बसलेला पण पाय खाली मुडपलेला दिसला की वाटतं झोपलाय, आणि तो मरत असतो. मी लगेच कोपरा भिजवला, भिंतीवर चार थेंब सोडले. तो रात्रभर ओल्या मातीला तोंड लावून बसला आणि दुसऱ्या दिवशी पाय सरळ झाले. पाणी ही एकच गोष्ट विसरायची नसते. बाकी जवळजवळ सगळी विसरलेली चालते.

हातावर खेळवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नये. अंगाखांद्यावर टॅरंटुला फिरवणाऱ्यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि "तो मला ओळखतो" हे वाक्य त्यात हमखास असतं. तो ओळखत नाही. तुमचा हात त्याच्यासाठी एक गरम, हलणारी फांदी आहे. तो दचकला, उडी मारली आणि कमरेच्या उंचीवरून पडला तर पोट फुटून मरतो. मोठा झाला की तो मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतो, ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. म्हणजे ह्यात फायदा कुणालाच नाही, फोटो सोडून.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो निळा घे ना, तो आपला इंडियन आहे!" तो निळा म्हणजे पोसिलोथेरिया मेटॅलिका, गूटी सफायर. दिसतो खरोखर स्वप्नासारखा. पोकॉकने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गूटीला रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या जंगलातून ओंडक्यांबरोबर आलेला तो फुकट्या प्रवासी होता. त्यानंतर शंभरेक वर्षं त्याचा पत्ता नाही. २००१ मध्ये तो नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. आता आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे आणि जंगल तुटतंच आहे. पाळणाऱ्यांकडे मात्र त्याची पिल्लं जगभर आहेत. पाळीव पैदाशीची म्हणून घेणारा घेतो, पण मूळचे नर-मादी कुठून आणि कसे बाहेर गेले, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. शिवाय हा झाडावरचा, विजेसारखा पळणारा कोळी आहे. ह्याच्याकडे उडवायचे केस नाहीत, त्यामुळे तो सरळ चावतो, आणि ह्या कुळाच्या चाव्याने स्नायूंना पेटके येतात, तेही बरेच दिवस. पहिलाच कोळी म्हणून हा घेणं म्हणजे सायकल न शिकता बुलेटवर बसणं. देशप्रेमासाठी त्याला त्याच्या जंगलात राहू द्यावं.

मग पाळायचाच कशाला? रूममेटचा हा प्रश्न मला अजून पूर्ण सुटलेला नाही. तो जवळ येत नाही, हाक मारली तर ऐकत नाही, महिना-महिना दिसतसुद्धा नाही. मला वाटतं, मला तो बघायला आवडतो, एवढंच उत्तर आहे. रात्री टॉर्चला लाल जिलेटिन लावून बघितलं की तो एकेक चिमूट माती दाताने उचलून बाहेर आणून टाकताना दिसतो. तासभर. घाई नाही, कुणाचं स्टेटस कॉल नाही.

खरी भीती वेगळीच आहे. हा नर निघाला तर काही वर्षांत वयात येऊन मरेल. मादी निघाली तर वीस वर्षं सहज जगू शकते. ह्यांच्याच लांबच्या भाऊबंदांतली, ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन ह्या बाईंनी १९७४ पासून अभ्यासात ठेवलेली 'नंबर १६' नावाची मादी ४३ वर्षं जगली, आणि २०१६ मध्ये गेली तीही बहुधा म्हातारपणाने नाही, तर परजीवी गांधीलमाशीमुळे. त्रेचाळीस वर्षं! मी इथे तीन-तीन वर्षांच्या व्हिसावर. घराचा करार वर्षाचा. उद्या परत जायची वेळ आली तर जिवंत प्राणी देशाबाहेर न्यायला परवान्यांचं जंगल, आणि रत्नागिरीत आईच्या हातात केरसुणी. पंधरा डॉलरची डबी घेताना हा हिशोब मी केला नव्हता, आणि विकणाऱ्याने तर नाहीच केला. निदान त्याला कोण सांभाळेल हे मी ठरवून ठेवलंय: कासव न घेतलेला तो मित्र. त्याने लेखी कबूल केलंय, ईमेल जपून ठेवली आहे :)

नर की मादी हे टाकलेल्या कातीवरून कळतं. ती ओली करून पोटाकडचा भाग उलगडायचा आणि भिंगाखाली बघायचा. माझ्या काडेपेटीत आता चार काती आहेत, पण मला काही दिसावं इतका तो अजून मोठा नाही. पाचवी येईल बहुतेक, कारण बारा दिवसांपासून बीळ पुन्हा बंद आहे.

काल आईचा फोन होता.

"खाल्लं का रे त्याने?"

"नाही."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. कोपऱ्यात पाणी घातलं."

"बरं," आई म्हणाली, "आणि तू जेवलास का?"