बाथरूमचे काम आणि मजुरीचा हिशेब

रमजान किंवा घरातले लग्न दोन महिन्यांवर आले की पुष्कळ घरांत बाथरूमचे काम निघते. टाइल्स निवडायला सगळे कुटुंब दुकानात जाते. मजुरी मात्र दारात उभ्या उभ्या ठरते. ‘किती घ्याल?’ ‘तीस हजार.’ ‘वीस करा.’ झाले! शाळेत आम्ही मुलांना चार भिंतींचे क्षेत्रफळ शिकवतो, ते अशाच वेळी उपयोगी पडावे म्हणून.

पाच बाय सात फुटांचे बाथरूम घेऊ. जमीन 35 चौरस फूट. भिंतींचा घेर 24 फूट, टाइल्स सात फुटांपर्यंत, म्हणजे 168. दाराचे 18 वजा जाता 150. एकूण 185. मोकळ्या खोलीत मिस्त्री भराभर लादी बसवतो. इथे नळांची भोके, कोपरे, जाळीकडे ढाळ. दिवसाला 45 फूट झाले तरी पुष्कळ. म्हणजे टाइल्सचे चार दिवस, सांधे भरण्याचा एक. त्याआधी तोडफोडीचे दोन, प्लंबरचे दोन, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगच्या दोन हातांचे मिळून तीन. शेवटी नळ, कमोड बसवण्याचा एक. झाले तेरा.

आता हजेरी लावा. मिस्त्रीचे आठ दिवस, हजारप्रमाणे 8,000. तोडायला दोन बिगारी दोन दिवस आणि मिस्त्रीच्या हाताखाली एक आठ दिवस, अशा बारा हजेऱ्या, 700 प्रमाणे 8,400. प्लंबर तीन दिवस, 1,200 प्रमाणे 3,600. बेरीज 20,000. हे दर उदाहरणापुरते. आपल्या गावचे विचारून घाला. मलबा उचलण्याची गाडी आणि ठेकेदाराची मेहनत यात नाही. म्हणून उक्त्या कामाचे तीस हजार ऐकून दचकू नये. पंधरात कोणी तयार झाला, तर काय वगळणार ते विचारावे.

बहुधा वगळले जातात ते थांबण्याचे दिवस. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारायचे असते. वॉटरप्रूफिंग सुकले की जाळी बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्यांच्या छताला ओल येते का ते पाहायचे. या दिवसांत कोणी कामावर नसतो, म्हणून घरच्यांना वाटते वेळ वाया जातो. टाइल्स लागल्यावर गळती निघाली तर वरचे सगळे पुन्हा फोडावे लागते, आणि खालच्या शेजाऱ्यांशी बोलणे बंद होते ते वेगळे. तेव्हा तेरा नव्हे, तीन आठवडे धरा. घरात एकच बाथरूम असेल तर वुजू आणि अंघोळीची सोय आधी शेजारी विचारून ठेवा. अम्मी-अब्बा म्हातारे असतील तर हे काम पहिले.

मलबा कोण नेणार, जुना कमोड कोण काढणार, वॉटरप्रूफिंग कोणाचे, हे वहीत लिहून दोघांनी सही करावी. मधेच ‘एक कोनाडाही काढा’ म्हटले तर त्याचे पैसे तिथेच ठरवावेत. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता नळ सुरू करून पाहीपर्यंत राखावा. बिगारीची हजेरी मात्र त्या वादात अडकता कामा नये. ती रोज संध्याकाळी त्याच्या हाती पडते का, हे घरच्या माणसाने विचारून घ्यावे.