देज त्यांचं, हुंडा आपला

परवा भिशीत पेठ-सुरगाण्याकडच्या लग्नांचा विषय निघाला. "त्यांच्यात मुलीचे पैसे घेतात म्हणे. म्हणजे विकतातच की!" एक मैत्रीण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याला देज म्हणतात. कोकणा, वारली समाजात ते मुलाकडचे मुलीच्या आईवडिलांना देतात. शेतात राबणारा एक हात घरातून जातो, त्याची ती भरपाई. विधवेनं पुन्हा घर मांडलं तरी तिथे कुणी नाक मुरडत नाही.

आणि आपण? हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. तरी "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" हे ऐकलं नाही, अशी कोण आहे? "वर पैसे देऊन मुलगी का धाडता?" असं पेठच्या बाईनं विचारलं तर काय सांगणार?

मग ज्याची त्याची रीत म्हणून सोडून द्यायचं का? तसंही नाही. देज परत करायची ऐपत नाही म्हणून नकोशा संसारात अडकलेली बाई तिथेही असते. २०१३ साली नाशिकमध्येच जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानं जीव घेतला. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध आवाज उठला आणि २०१७पासून राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला. 'आमची रीत' ही सबब तिथे चालत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, कुठलीही रीत असो, एवढंच विचारू या: यात बाईला 'नको' म्हणता येतं का? आणि हा प्रश्न आधी आपल्या घरात.