सॅक्सोफोनची संथा

पार्ल्यांतील आमच्या एका स्नेह्यांचा नातू सॅक्सोफोन शिकावयाचें म्हणतो. ‘हॉटेलांतलें हें वाद्य, त्यास गुरु कोठला आणि शिस्त कोठली?’ असें त्यांनीं आम्हांस विचारलें. एके काळीं आम्हीहि हेंच म्हणालों असतों.

परंतु पोर्तुगीज अमदानींत गोमंतकांतील चर्चच्या शाळांत गायनमास्तर मुलांकडून आधीं स्वरलिपि घोकून घेत, वाद्य मागाहून. पाठशाळेंतील संथा याहून फारशी निराळी नव्हे! तेथून निघालेल्या वादकांनींच मुंबईचीं हॉटेलें आणि चित्रपटांचे वाद्यवृंद भरले. त्याच गोमंतकाचे ब्राझ गोन्साल्विस हे सॅक्सोफोनवादक. कलकत्त्यास लुई बँक्स यांच्यासह त्यांनीं जाझ वाजविलें, आणि १९७० सालीं ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. जाझमध्यें ठरलेल्या चालीच्या आधारानें वादक आयत्या वेळीं स्वरविस्तार करतो. आलापी ऐकणाऱ्या आपल्या घरांस हें परकें कां वाटावें? वाद्य पितळेचें खरें, पण स्वर उमटतो तो बोरूच्या जातीच्या पातळ पट्टींतून.

आम्हीं स्नेह्यांस कळविलें कीं मुलास शिकूं द्यावें. मात्र पहिलें वर्ष स्वरलिपि आणि दमसास यांखेरीज कांहीं नको. आणि शेजाऱ्यांच्या वामकुक्षीची वेळ तेवढी टाळावी.