गाठ निघाली, तारखा बाकी आहेत

ग्रामस्थ, शिक्षक, आशाताई आणि रुग्णांच्या घरच्या मंडळींना जाहीर आवाहन

हाडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमो संपली, डोक्यावर केस परत आले की पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण ऑस्टिओसार्कोमा किंवा इविंग सार्कोमा उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि गाठ पायातली असली तरी तो अनेकदा फुप्फुसात उगवतो. तिथली बारीक गाठ दुखत नाही, खोकलाही आणत नाही. ती एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्येच दिसते आणि लवकर दिसली तर पुष्कळदा काढता येते. म्हणून साधारणपणे पहिली 2 वर्षे दर 3 महिन्यांनी, 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा बोलावतात. "आता कुठं काय दुखतंय, कशाला जायचं मुंबईला?" असे म्हणून तारीख बुडवू नका. जायंट सेल ट्यूमर सहसा कॅन्सर नसतो, तरी तो त्याच जागी पुन्हा येऊ शकतो. त्यालाही हेच लागू.

जाताना जुन्या फिल्म, सीडी आणि फाइल न्या. नवा फोटो जुन्याशी ताडून पाहावा लागतो. फिल्मची पिशवी ओल्या भिंतीच्या खिळ्याला टांगली तर पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात. पेटीत ठेवा.

पायात धातूचा सांधा बसवला असेल तर त्यात जंतुसंसर्ग काही वर्षांनंतरही होऊ शकतो. सूज, ताप, व्रणातून पाणी दिसले की पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. त्या पायाला तेल चोळणे, हाडवैद्याकडून ओढून घेणे नकोच.

शिक्षकांना एक विनंती. असा सांधा असलेल्या मुलीला उकिडवे बसता येत नाही. शाळेत कमोड नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, आणि केमोतल्या काही औषधांनी तिची मूत्रपिंडे आधीच दमलेली असू शकतात. एक कमोडची खुर्ची फार महाग नाही. मूल हाक मारूनही बघत नसेल तर ओरडण्याआधी कान तपासून घ्या. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येऊ शकते. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधाचा त्रास हृदयाला उशिरा होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली इको तपासणी टाळू नका.

भाड्याचे म्हणाल तर रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत उपचारांइतकीच नियमित तपासणीच्या प्रवासालाही मिळते, सोबतच्या एका माणसालाही. रुग्णालयातून निघतानाच सवलतीच्या प्रमाणपत्रावर सही-शिक्का घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी पुढची तारीख आशाताईंच्या वहीत लिहून द्यावी आणि मुकादमालाही सांगून ठेवावी. मुकादमांनी त्या दिवसांचा खाडा धरू नये. गावात राहणाऱ्यांनी रुग्णाच्या घरची जनावरे दोन दिवस आपल्या गोठ्यात बांधावीत.